चुलीच्या वैलावरचा इतिहास

इतिहासाच्या प्राध्यापकाने रेडिओवर येऊन कोंबडीच्या रश्श्यावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. इतिहास म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या, अशी आपली शाळेपासूनची समजूत. मीही वर्गात तेच शिकवतो आणि परीक्षेला तेच विचारतो. पण मागे एकदा एक विद्यार्थी तास चालू असताना उभा राहिला आणि म्हणाला, "सर, शिवाजी महाराजांच्या वेळी आपल्या गावातली माणसं जेवत काय होती?" मी म्हटले, "भाकरी, कालवण." "आणि पाहुणा आला तर?" "कोंबडी कापत असतील." "मग तांबडा रस्सा करायचे का?" इथे मात्र मी अडलो. वर्ग हसला, घंटा झाली आणि मी सुटलो. पण प्रश्न काही मला सोडीना. त्याच्या मागे लागताना जे हाती आले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी पदार्थ सांगतो. तो डोळ्यांपुढे असल्याशिवाय पुढचे बोलणे कळायचे नाही.

माझे गाव माणदेशातले. पाऊस बेताचा, ज्वारी-बाजरीचा मुलूख. आमच्याकडे गावरान कोंबडी अशी शिजते. तुकड्यांना हळद, मीठ आणि आले-लसणाचे वाटण चोळून अर्धा तास बाजूला ठेवायचे. पातेल्यात थोडके तेल, त्यात चिरलेला कांदा. कांदा मऊ पडला की तुकडे टाकून चांगले परतायचे. पाणी आत घालायचे नाही. पातेल्यावर खोलगट ताट झाकायचे आणि पाणी ओतायचे ते त्या ताटात. आतली वाफ ताटाच्या बुडाला जाऊन लागते, वरच्या गार पाण्याने तिचे थेंब होतात आणि ते परत खाली पडतात. कोंबडी तिच्या स्वतःच्याच रसात शिजू लागते. वरचे पाणी कढत झाले की त्यातलेच थोडे आत सोडायचे आणि ताटात पुन्हा गार पाणी घालायचे. जाळ मोठा नको. पातेल्याने चुलीवर एकदा वाफ धरली की ते वैलावर सरकवायचे. वैल म्हणजे चुलीच्या अंगचे दुसरे तोंड, जिथे जाळ पोचत नाही, नुसती धग पोचते. खेड्यातल्या आयाबायांना हे सांगायला नको. शहरात वाढून खेड्यातल्या शाळेवर रुजू झालेल्या तरुण शिक्षकांसाठी सांगतो.

तिकडे वाटणाची तयारी. निखाऱ्यात भाजलेला कांदा, भाजलेले सुके खोबरे, धने, खसखस, पाचसहा मिरे, चार लवंगा, दालचिनीचा एक तुकडा आणि चिमूटभर दगडफूल. हे सगळे पाट्यावर गंधासारखे वाटायचे, तेलात तवंग सुटेपर्यंत परतायचे, लाल तिखट घालायचे आणि मग त्यात शिजलेली कोंबडी तिच्या अळणी पाण्यासकट ओतायची. त्याआधी लहान मुलांसाठी वाटीभर अळणी काढून ठेवायचे. शेवटी आधणाचे पाणी. ते किती, याचे माप कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. जेवायला माणसे किती, त्यावर रस्सा किती.

या साध्या पातेल्यात इतिहास कुठे आहे? माझे म्हणणे असे, की प्रत्येक जिन्नसात आहे आणि सर्वांत अधिक त्या झाकणावरच्या पाण्यात आहे.

कोंबडीपासून सुरुवात करू. रानातला तांबडा रानकोंबडा हा आपल्या कोंबडीचा मूळ पुरुष. तो माणसाळला कुठे, यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाले. एके काळी तो मान सिंधुसंस्कृतीला दिला जाई. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडे थायलंडमधल्या बान नॉन वॉट या ठिकाणची ठरली आहेत. त्यांचा काळ इ. स. पूर्व १६५० ते १२५० यांच्या दरम्यानचा. भाताची शेती वाढली, सांडलेले दाणे टिपायला रानकोंबडे माणसाच्या जवळ आले आणि राहिले, असे हे पंडित म्हणतात. पटण्यासारखे आहे. आजही खुराड्यातून सुटलेली कोंबडी पहिली धाव खळ्याकडेच घेते.

यात आपल्या सह्याद्रीचाही एक वाटा आहे. आपल्या घाटात जो करड्या रंगाचा रानकोंबडा पहाटे ओरडतो, तो तांबड्या रानकोंबड्याचा चुलतभाऊ. पुष्कळ पाळीव कोंबड्यांची कातडी पिवळी असते. ती तांबड्याकडून आलेली नाही, या करड्याकडून आलेली आहे, हे २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. म्हणजे कोंबडी पूर्वेकडून हिंडत हिंडत आली आणि दक्षिण हिंदुस्थानच्या रानात तिने सोयरीकही केली.

आता ही कोंबडी आपल्याकडे लोक केव्हापासून खात आले? इथे शिक्षक मित्रांना एक धंद्यातली युक्ती सांगतो. सामान्य माणूस काय खातो, हे जुन्या काळी कोणी लिहून ठेवत नसे. पण त्याने काय खाऊ नये, हे मात्र आवर्जून लिहून ठेवत. म्हणून इतिहासाच्या माणसाने निषेधाची वचने उलटी धरून वाचावीत. जी गोष्ट कोणी करीतच नाही, तिला मनाई करण्याचे कष्ट कोण घेईल?

अशोकाचेच उदाहरण घ्या. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातल्या त्याच्या पाचव्या स्तंभलेखात, कोणत्या जिवांना मारू नये याची मोठी यादी आहे. त्यातच एक छोटी आज्ञा आहे, की कोंबड्यांची खच्ची करू नये. कोंबडा खच्ची करायचा तो कशासाठी? तो अंगाने भरावा आणि मांस मऊ राहावे यासाठी. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी या देशात नुसती कोंबडी खात होते असे नाही, तर खाण्यासाठी ती मुद्दाम पोसण्याची कलाही लोकांना येत होती.

दुसरे उदाहरण मनुस्मृतीचे. पाचव्या अध्यायात द्विजांनी काय वर्ज्य करावे हे सांगताना एकाच श्लोकात लसूण, कांदा आणि गावकोंबडा हे तिघे शेजारी शेजारी बसले आहेत. मी हा श्लोक प्रथम वाचला तेव्हा मला हसू आले. मनात म्हटले, शास्त्रीबुवांच्या नाकाला कोणत्या घरच्या पातेल्याचा वास आला असावा? कांदा, लसूण आणि कोंबडी ही आमच्या रश्श्याची निम्मी सामग्री तिथे हजर आहे. ज्यांना मनाई होती ते किती पाळत होते हा प्रश्न वेगळा. पण ज्यांना ती मनाई लागूच नव्हती, त्यांच्या चुलीवर काय शिजत होते, ते या एका श्लोकातून दिसते. त्यांनी स्वतः काही लिहिले नाही. लिहिणे त्यांच्या वाट्याला येऊ दिले नव्हते.

राजांच्या स्वयंपाकघराची गोष्ट निराळी. तिथले सारे टिपून ठेवलेले असते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातले बसवकल्याण, आपल्या सोलापूर-लातूरला लागूनच. त्यात अन्नभोगाचा स्वतंत्र भाग आहे. रानडुकराचे मांस कसे भाजावे, मासे कसे करावेत, हे सारे त्यात आहे. चवीला हिंग आहे, आले आहे, मिरे आहेत. मिरची मात्र कुठेही नाही.

नसणारच! मिरची मूळची अमेरिकेची. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतर ती युरोपियनांना माहीत झाली. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतले आणि त्यांच्या गलबतांतून ब्राझीलकडची ही वस्तू आपल्या किनाऱ्याला लागली. लागल्याबरोबर तिचा बोलबाला झाला असेही नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधींवरचा आपला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला. त्यात मिरी आहेत, वेलदोडा आहे, लवंग आहे. मिरचीवर प्रकरण नाही. त्याच शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या मुदपाकखान्यातले पदार्थ मापांसकट दिले आहेत. दोप्याजाला दहा शेर मांस, दोन शेर तूप, दोन शेर कांदा, मग मीठ, जिरे, धने, वेलदोडे, लवंगा आणि मिरे. एवढ्या मोठ्या बादशहाच्या घरी चिमूटभर लाल तिखट नव्हते.

आपल्या भाषेनेही याची साक्ष ठेवली आहे. नवी वस्तू आली, तिला नाव हवे. तिखटपणा मिऱ्यासारखा, म्हणून मिरीवरून मिरची. पोर्तुगीजांनी तेच केले, इंग्रजांनीही तेच केले. धाकटीला थोरलीचे नाव दिले आणि धाकटीने घर ताब्यात घेतले.

ते का घेतले, याचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. मिऱ्याचा वेल. त्याला मलबारचा ओलावा हवा, आधाराला झाड हवे, आणि वाढल्यावर तो माल व्यापाऱ्याच्या गोणीत जाणार. रोमच्या काळापासून मिरे म्हणजे रोख पैसा. माणदेशातल्या कुणब्याने मिरे घ्यायचे तर दाणे विकूनच घ्यावे लागत. मिरचीचे तसे नाही. चार रोपे परसात लावा, सांडपाणी घाला, वर्षाचे तिखट घरात. सतराव्या-अठराव्या शतकांत ती घाट चढून देशावर पसरली आणि जी चव विकत घ्यावी लागत होती, ती गरिबाच्या अंगणात उगवू लागली. लढाईत राज्य जाते आणि दुसरे येते, ते आपण तोंडपाठ करतो. हे एवढे मोठे स्थित्यंतर मात्र कुठल्याही बखरीत नाही.

तेव्हा आमच्या त्या विद्यार्थ्याला मी उत्तर दिले ते असे: देवगिरीच्या यादवांच्या राज्यात तांबडा रस्सा नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगतो. महाराजांच्या वेळी मिरची किनाऱ्यावर येऊन शतक उलटून गेले होते, ती घाटावर चढत होती. कोंबडी, कांदा, लसूण, आले आणि धने मात्र त्याही आधी केव्हाचे आपल्या घरचे. कोणी म्हणेल, मग कोल्हापूरचा पांढरा रस्सा जुना असेल, त्यात लाल तिखट नसते. तसे घाईने म्हणू नये. पुष्कळ ठिकाणी त्यात काजू वाटून घालतात आणि काजू हासुद्धा पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आलेला पाहुणाच आहे.

वाटणातले बाकीचे जिन्नस तर आणखी दूरचे. लवंग जगात फक्त मोलुक्कासच्या काही लहान बेटांवर होत असे. उत्तम दालचिनी सिंहलद्वीपाची. गलबतांनी हा माल चौलला, दाभोळला यायचा आणि तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढायचा. खोबरे कोकणचे. म्हणून पाहा, आमच्या वाटणात कांदा-लसूण मुठीने पडतो आणि लवंगा मोजून चार. घरचे सढळ हाताने, बाजारचे चिमटीने. दगडफूल तेवढे सह्याद्रीतले. झाडांच्या सालीवर, खडकावर वाढणारी ती एक बुरशी-शेवाळाची जोडगोळी आहे, नुसती हुंगली तर मातकट लागते आणि तेलात पडली की सगळ्या आळीला कळते.

आता झाकणावरच्या पाण्याकडे येतो. एवढा वेळ, एवढ्या मंद धगीवर कोंबडी का शिजवायची? कारण ती कोवळी नसे. खेड्यातल्या घरात अंडी देणारी कोंबडी कोणी कापत नाही. तलंग राखायची, ती मोठी झाली की तिची अंडी विकायची, खुडूक बसली की तिच्याखाली पिले काढायची, आणि अंडी घालणे थांबले की मग ती पातेल्यात. अशा जुन्या कोंबडीचे मांस चिवट. मोठ्या जाळावर ते आणखी आखडते. मंद वाफेवर दीड-दोन तास राहिले तर स्नायूंना बांधणारे चिवट धागे विरघळतात आणि रस्सा दाट, बोटाला चिकटणारा होतो. शिवाय कोंबडी एक आणि खाणारी तोंडे दहा. तुकडे काही वाढत नाहीत, रस्सा वाढतो. प्रत्येकाच्या भाकरीला चव पोचावी म्हणून हा पदार्थ रश्श्याचा झाला.

आणि ती कोंबडी कोणाची? शेत नवऱ्याच्या नावावर, बैल त्याचे, धान्याची कणगी सासूच्या ताब्यात. कोंबडी मात्र घरातल्या बाईची. अंड्यांचे पैसे ती पदराच्या गाठीला बांधी. त्यातून मुलाची पाटी, मुलीच्या बांगड्या, आजारात पुडी. कोंबडी कापणे म्हणजे बाईची पेटी फोडणे.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. मी तिसरीत होतो. वडील शाळामास्तर. शाळा तपासायला तालुक्याहून एक साहेब आले. दुपारी जेवायला आमच्या घरी. घरात कापण्यासारखी कोंबडी नव्हती. होती ती एकच, काळी, रोज अंडे देणारी. वडील आईला एवढेच म्हणाले, "बघ बाई, काय करायचं ते." आई काही बोलली नाही. तिने डालगे उघडले. साहेब जेवले, रश्श्याची दोनदा तारीफ केली, तिसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि शेरेबुकात चांगला शेरा लिहून गेले. संध्याकाळी आईने पातेले पुसून घेतले तेव्हा त्यात नुसता रस्सा होता. तिने तो भाकरीला लावला आणि म्हणाली, "तिसऱ्या दिवशी तुझ्या वह्या आणणार होते रे." त्या साहेबांवर माझा राग नाही. त्यांना कुणी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. सगळीकडे असेच चालत असे.

पुढे मी इतिहास शिकू लागलो आणि १६७३च्या सुमाराचे शिवाजी महाराजांचे एक पत्र वाचनात आले. चिपळूणजवळ दळवटणे येथे लष्कराची छावणी होती, तिथल्या जुमलेदार-हवालदारांना ते लिहिलेले आहे. त्यात ते बजावतात, की दाणा, वैरण, लाकूड, भाजी जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन आणा. रयतेच्या घरात शिरून उचलू नका. तसे कराल तर लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. पत्रात कोंबडीचे नाव नाही. पण ते वाचताना मला ती काळी कोंबडी दिसली. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका राजाला ठाऊक होते, की अंमलदाराच्या पानात जे पडते ते कोणाच्या तरी घरातून कमी झालेले असते.

स्वयंपाकाची छापील पुस्तके आपल्याकडे पुष्कळ झाली. मुंबईच्या लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० सालचे, त्यात मांस-मच्छीचे उत्तम प्रकार आहेत. पण ते एका सुस्थितीतल्या शहरी समाजाचे स्वयंपाकघर. वैलावरच्या पातेल्याला लेखक मिळाला नाही. आषाढात, म्हणजे आमच्या भाषेत आखाडात, म्हसोबाला, मरीआईला कोंबडे देणाऱ्या लाखो घरांची कृती आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे, अशी नुसती हाताने पुढे गेली.

आता काळ पालटला. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ब्रॉयलर कोंबडी घराघरात पोचली. सहा आठवड्यांत ती दोन किलोच्या घरात जाते, पाऊण तासाच्या आत शिजते. गरिबाला मांस परवडू लागले, ही गोष्ट लहान नाही. गावरानच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांनी ती विसरू नये. गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींमुळे परसातल्या कोंबड्याही पुन्हा वाढू लागल्या आहेत. पण बाईच्या पदराची गाठ आणि पातेल्यातली कोंबडी यांचा संबंध मात्र बहुतेक ठिकाणी तुटला.

माझी आई आता थकली आहे. आमच्याकडे गॅस आहे, कुकर आहे. तरी ती स्वयंपाकघरात असली की ब्रॉयलरच्या पातेल्यावरही ताट झाकून त्यात पाणी ओतते. या व्याख्यानाची तयारी करताना मी तिला मोठ्या उत्साहाने वाफेचे, मंद धगीचे, चिवट धाग्यांचे सगळे शास्त्र समजावून सांगितले आणि विचारले, "आई, तुम्ही बायका यासाठीच पाणी वर ठेवत होता ना?"

ती म्हणाली, "तसं काय नाय बाबा. तेल कमी असायचं. पाणी वर ठेवलं की खाली लागत नाय."